आईच्या मजुरीचा रकाना: बेळगावच्या वर्गातलं एक मसाला प्रकरण

हे प्रकरण उद्योजकता शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी रचलेलं आहे. त्यातलं कॉलेज, विद्यार्थी आणि मालाचे दर हिशेब शिकवता यावा म्हणून धरलेले आहेत. कायद्याच्या तरतुदी, मसाल्याची कृती आणि सीमाभागातला बाजार मात्र जसा आहे तसाच घेतला आहे. दर आपापल्या गावचे घालावेत आणि गणित पुन्हा मांडावं.

परिस्थिती

बेळगावातलं एक पदवी कॉलेज. बीबीएचं चौथं सत्र फेब्रुवारीत सुरू होऊन मे अखेर संपतं. नवा व्यवसाय सुरू करण्याच्या विषयात दरवर्षी प्रत्येक गट तीस-चाळीस पानांचा इंग्रजी आराखडा देतो. त्यात पाच वर्षांच्या विक्रीचे तक्ते असतात, पण एकाही गिऱ्हाईकाचं नाव नसतं. या वर्षी शिक्षकांनी आराखडा बंद केला. अट घातली की सोळा आठवड्यांत खरा माल खऱ्या पैशाला विकायचा आणि वही दाखवायची. भांडवल म्हणून गटाने सहा हजारांपेक्षा जास्त घालायचं नाही.

या मर्यादेमागे विचार आहे. मूळच्या भारतीय असलेल्या संशोधक सरस सरस्वती यांनी २००१ साली मांडलेल्या सिद्धांतात, मुरलेला उद्योजक अपेक्षित नफ्यापेक्षा परवडण्याजोगं नुकसान आधी ठरवतो, असं सूत्र आहे. वर्गात ते साध्या शब्दांत सांगावं: बुडाले तरी घरच्यांपुढे हात पसरावा लागू नये इतकेच पैसे घाला. आईच्या भिशीचे पैसे आणायला साफ मनाई करावी. सीमाभागातल्या घरांत भिशीचा पैसा बहुतेक लग्नाला किंवा दवाखान्याला बांधलेला असतो.

चौघांच्या एका गटाने कांदा-लसूण मसाला निवडला. एकाचं घर वडगावात. त्याची आई आणि काकू दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतात आणि पाहुण्यांकडून मागणीही येते. प्रत्येकी दीड हजार जमले. पहिला घाणा मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाला. पाव किलोची २८ पाकिटं निघाली, दर दीडशे रुपये. दहा दिवसांत २५ विकली गेली आणि तीन चवीसाठी वाटली गेली. चौघांनी शिक्षकांना जाऊन सांगितलं, "सर, पंधराशे पंचाहत्तर रुपये नफा झाला." पुढची मागणी पुण्याची होती. नोकरीला गेलेल्या बेळगावकर पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४० पाकिटांची नावं आली होती. आता मोठा घाणा घालावा आणि पुण्याला पार्सल पाठवावं, एवढाच निर्णय त्यांच्या मते बाकी होता.

त्यांची वही

एका घाण्याला ब्याडगी मिरची २ किलो (७०० रुपये), संकेश्वरी १ किलो (७००), कांदा ३ किलो (९०), लसूण पाऊण किलो (१५०), सुकं खोबरं पाऊण किलो (२४०), धणे पाऊण किलो (१२०), तीळ पाव किलो (६०), खसखस १०० ग्रॅम (१६०), गरम मसाल्याचं सामान पाव किलो (३००), मीठ ६०० ग्रॅम (१५) आणि तेल ६०० ग्रॅम (९०). एकूण २,६२५. देठं काढून मिरची दहा टक्के घटते. तीन किलो कांदा काळपट तांबूस तळला की पाऊण किलोच्या आसपास राहतो. कुटायच्या डंकावर थोडं वाया जातं. हाती तयार मसाला सात किलो, म्हणजे किलोला ३७५. विक्री किलोला ६००. सात किलोचे ४,२०० वजा २,६२५ केले की १,५७५ येतात.

बेरीज बरोबर आहे, वही खोटी आहे. वर्गात हे आपण सांगायचं नाही. मुलांना एकच काम द्यावं: घाण्याच्या दिवशी सकाळी घरी जाऊन बसा आणि कोण किती वाजता काय करतंय ते लिहा. गट दुसऱ्या घाण्याला तसा बसला. मिरचीची देठं दोन तास, लसूण सोलणं दीड तास, कांदा चिरून तळणं तीन तास, खोबरं-धणे-तीळ-गरम मसाला वेगवेगळे भाजणं अडीच तास, डंकावर नंबर लावून कुटून आणणं दोन तास, पाकिटं भरणं दोन तास. झाले तेरा तास, तेही दोन बायांचे मिळून. चौघांनी या घाण्यात फक्त लेबलं चिकटवली होती.

तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ७८०. कांडप किलोला ४० प्रमाणे २८०. गॅस १२०. पाकीट आणि लेबल प्रत्येकी १२ प्रमाणे ३३६. मिरचीसाठी गडहिंग्लजच्या बाजाराची फेरी २००. हे सगळं १,७१६ होतं. नफ्याच्या १,५७५ मधून ते वजा केले की १४१ रुपये तोटा. फुकट वाटलेल्या तीन पाकिटांचे ४५० धरले तर तोटा ५९१. एका पाकिटाचा खरा खर्च ४,३४१ भागिले २८, म्हणजे १५५ रुपये, आणि ते विकलं दीडशेला.

घरातून सुरू होणाऱ्या धंद्यात ही चूक नेहमी होते. आईची मजुरी शून्य धरली की वही फायदा दाखवते. मागणी वाढते तसा घरच्या बाईवरचा भार वाढतो, आणि ज्या दिवशी बाहेरची मजूर लावावी लागते त्या दिवशी धंदा बसतो. म्हणून मजुरीचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा आणि ती रक्कम खरोखर द्यायला हवी. नुसती धरलेली मजुरी मुलं पुढच्या महिन्यात गुपचूप कमी करतात.

कोणी घेतलं

२५ पाकिटांची फोड करायला लावली तेव्हा चित्र असं निघालं: ११ नातेवाइकांनी, ६ स्टाफरूमने, ५ होस्टेलच्या मुलांनी आणि ३ अनोळखी घरांनी. नातेवाईक आणि स्टाफरूम प्रेमापोटी घेतात. शिक्षकांनी स्वतः विद्यार्थ्यांचा माल घेऊ नये, आणि घ्यायचाच तर तो वहीत वेगळ्या रकान्यात जावा. मोजायची ती दुसरी खरेदी. महिन्याभरात परत मागितलं चौघांनी. त्यात तीन होस्टेलवाले आणि एक अनोळखी घर होतं. नातेवाइकांपैकी एकानेही पुन्हा मागितलं नव्हतं.

गिऱ्हाईकाशी बोलणं ही शिकवायची गोष्ट आहे, आणि ती शिकवली नाही तर मुलं "आमचा मसाला तुम्हाला आवडेल का?" असं विचारून येतात. सीमाभागातलं माणूस दारात आलेल्या पोराला नाही म्हणत नाही. विचारायचं ते झालेल्या गोष्टींबद्दल: गेल्या वर्षी मसाला कधी केला? किती किलो मिरची घेतली? कुठनं? कोणी कुटला? किती दिवस गेले? पावसाळ्यात किती उरला? विकत आणला असेल तर शेवटचं पाकीट कधी, केवढ्याचं? प्रत्येक गटाने वीस घरं गाठावीत. समोरचं माणूस कन्नड बोलत असेल तर प्रश्न कन्नडमध्ये, आणि टिपणंही त्या त्या भाषेत. टिपणांचं इंग्रजी करून घेऊ नये. त्यात माणूस काय म्हणाला ते वाहून जातं.

शहापुरातल्या एका घरातलं टिपण वर्गात मोठ्याने वाचण्यासारखं आहे. बाई म्हणाल्या, "इकत घेतल्यावर त्याला आमच्या घरची चव कशी येणार ओ? मिरची मी घेऊन ठेवल्या. कांदा तळायलाच कोण न्हाई बघा." या दोन वाक्यांत वेगळाच धंदा आहे. वीसपैकी सात घरांत हेच निघालं: यादी घरची, मिरची घरची, नड फक्त हातांची. मुलांनी ही सातही टिपणं "गिऱ्हाईक नाही" या खाली टाकली होती.

पाकिटात गाठी

एप्रिलमध्ये होस्टेलच्या एका मुलाने पाकीट परत आणलं. मसाल्याच्या गाठी झाल्या होत्या आणि तळाशी खवट वास होता. लेबलवर बारा महिने टिकेल असं छापलं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या पाकिटावरून उतरवलेलं होतं.

कारणं दोन. पहिलं कांद्याचं. तळलेला कांदा गार झाल्यावर चिमटीत धरून चुरला की त्याचा कुरकुरीत भुगा व्हायला हवा. बोटाला चिकटला किंवा मधोमध लवला तर आत पाणी आहे. गरम कांदा नेहमीच कुरकुरीत भासतो, म्हणून ही परीक्षा कढईशी उभं राहून घेता येत नाही, परातीत पसरून गार झाल्यावरच घ्यायची. दुसरं घाईचं. डंकावर कुटताना मसाला चांगला तापतो. चौघांनी तो आणल्याआणल्या पाकिटात भरून तोंडं सील केली. आतल्या वाफेचं पाणी झालं, त्यात मीठ ओलं झालं आणि गाठी बसल्या. कुटलेला मसाला सुती कापडावर पसरून रात्रभर पूर्ण निवू द्यावा आणि सकाळी भरावा. मीठही आधी कोरडं भाजून घ्यावं. डंकावर आपल्या आधीच्या गिऱ्हाईकाचा माल उखळात थोडा राहतो. आपला पहिला ओंजळभर मसाला वेगळा काढावा आणि तो विकू नये.

टिकण्याची मुदत अंदाजाने छापता येत नाही. प्रत्येक घाण्यातली चार पाकिटं राखून ठेवावीत, दोन फडताळात आणि दोन उजेडाच्या खिडकीत. पंधराव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी उघडून वास, रंग आणि गाठी लिहाव्यात. खोबरं सगळ्यात आधी खवट होतं. सत्र संपेपर्यंत नव्वद दिवसही जेमतेम भरतात, तेव्हा मुदत तीन महिन्यांपुढे लिहूच नये.

लेबल, नोंदणी आणि सीमा

खाण्याचा माल विकायचा तर घरच्या स्वयंपाकघरालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, अर्ज त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतो, आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकीटबंद मालासाठी वजनमाप खात्याकडेही नोंद असते. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा. छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी उद्यम नोंदणी फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारे दलाल बाजारात बसलेले असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

लेबलवरून गटात वाद झाला. दोघांना मराठी हवं होतं, एकाला कन्नड, एकाला दोन्ही. कायदा वेगळंच सांगतो: सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवा, इतर भाषा त्याच्या जोडीला चालतात. म्हणून घटक उतरत्या वजनाने, निव्वळ वजन, कमाल किंमत, बॅच क्रमांक, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण हे इंग्रजीत छापावं. वर नाव मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक. विकत घेणाऱ्या घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात. लेबलाने एका भाषेची घरं बाहेर ठेवू नयेत.

आता पुण्याची ४० पाकिटं. जीएसटीत माल विकणाऱ्याला कर्नाटकात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. एवढं वाचून मुलं निश्चिंत होतात. पण कलम २४ प्रमाणे करपात्र माल दुसऱ्या राज्यात पुरवणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. काही हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे, मसाल्याला नाही. छोट्या व्यापाऱ्यांना ठरीव दराने कर भरू देणाऱ्या कंपोझिशन योजनेचा आडोसाही इथे मिळत नाही, कारण त्या योजनेतला व्यापारी राज्याबाहेर माल पुरवू शकत नाही. बंगळुरू पाचशे किलोमीटरवर आहे, तिथे पाठवायला अडचण नाही. शिनोळी बेळगावपासून अगदी जवळ आहे, पण सीमेपलीकडे महाराष्ट्रात, त्यामुळे पाकीट शिनोळीच्या पत्त्यावर पाठवलं की तो आंतरराज्य व्यवहार. उलट सीमेपलीकडच्या चंदगडकडची एखादी बाई बेळगावच्या बाजारात येऊन रोखीने पाकीट घेऊन गेली आणि बिलावर तिचा पत्ता घेतलेला नसला, तर पुरवठ्याचं ठिकाण विक्रेत्याचंच धरलं जातं आणि व्यवहार राज्यातला राहतो.

सीमाभागात हे शिकवायलाच हवं. आपली नाती, बाजार आणि चव कोल्हापूर-चंदगडाकडे जाते, पहिली मागणीही तिकडूनच येते, आणि नेमकी तीच मागणी कायद्याने सगळ्यात अवघड असते. नोंदणी घेऊच नये असं नाही. विवरणपत्रं आणि हिशेबनिसाची फी सोसेल इतका माल जात असेल तर घ्यावी. ४० पाकिटांसाठी ती सोसत नाही. या गटाने पुण्याच्या पोरांना कळवावं की मे महिन्यात गावी याल तेव्हा दुकानातून न्या.

निर्णयाचा टप्पा

सत्राचे पाच आठवडे उरलेत. वर्गापुढे तीन वाटा ठेवाव्यात. चौथी वाट मुलं स्वतःच आणतात, ती मोठ्या घाण्याची. ती आधी तपासून घ्यावी. चौदा किलोचा घाणा घातला तर सामान ५,२५०, कांडप ५६०, गॅस २००, पाकिटं ६७२, फेरी तीच २००, आणि डंकावरचा वेळ तेवढाच राहून, बाकी कामांतलाही थोडा वाचून मजुरी २१ तासांची १,२६०. एकूण ८,१४२, पाकिटाला साधारण १४५. म्हणजे काम दुप्पट करून पाकिटामागे दहाच रुपये वाचले. खर्चाचा मोठा वाटा मिरची-खोबऱ्याचा आहे, तो मोठ्या कढईने उतरत नाही.

पहिली वाट, दर दोनशे करणं. तीन पाकिटं चवीला सोडून २५ ची विक्री ५,०००, हाती ६५९. पण दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने वीस टक्के घेतले की पाकिटाचे १६० मिळतात, म्हणजे पाच रुपये सुटतात. ही वाट थेट विक्रीपुरतीच.

दुसरी, होस्टेलसाठी ५० ग्रॅमची पुडी. सात किलोच्या १४० पुड्या. पुडी आणि लेबल सहा रुपये धरलं तर तो खर्च ३३६ वरून ८४० होतो, भरायला तीन तास वाढतात. एकूण ५,०२५, पुडीला ३६ च्या आत. पन्नासला विकून दहा टक्के वाया धरले तरी १२६ पुड्यांचे ६,३०० येतात, हाती १,२७५. मेसच्या भाजीवर घालायला पोरं हे घेतात, आणि दुसऱ्या खरेदीचा पुरावाही होस्टेलचाच आहे. अडचण अशी की सुट्टी लागली की होस्टेल रिकामं होतं.

तिसरी, शहापूरच्या बाईंची. यादी आणि सामान गिऱ्हाईकाचं, हात आपले. मजुरी किलोला १५० घेतली तर सात किलोचे १,०५०, कांडपाचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देतं. फेरी आणि भरणं गेलं, म्हणून अकरा तासांची मजुरी ६६० आणि गॅस १२०. हाती २७०. रक्कम लहान आहे, पण सामानात एक रुपया अडकत नाही, माल पडून राहत नाही. शिवाय ही सेवा असल्याने राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकासाठीही २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती लागत नाही. शिनोळीचं घर इथे गिऱ्हाईक होऊ शकतं. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र हिलाही लागेलच.

आमच्या मते एप्रिल-मेमध्ये तिसरी आणि जुलैपासून दुसरी, हा क्रम या गटाला सोसतो. पावसाळा लागला की मसाल्याची मजुरी बंद होते आणि तेव्हाच होस्टेल भरतं. पण वर्गाने दुसरं उत्तर काढलं आणि त्याला वहीचा आधार असला तर पूर्ण गुण द्यावेत. धंदा थांबवायचं ठरवणाऱ्या गटालाही तसेच.

वर्गात कसं घ्यावं

दीड तासाचा एक वर्ग पुरतो. पहिली वीस मिनिटं फक्त मुलांची वही फळ्यावर लिहावी आणि "नफा किती?" विचारून गप्प बसावं. कोणी ना कोणी कांडप आणि गॅस आणतं. मजुरी बहुतेक वेळा मुलीच आणतात, कारण लसूण त्यांनी सोललेला असतो. ती आली की मगच तासांचा तक्ता वाटावा. कायद्याचा भाग फळ्यावर लिहून सांगण्यापेक्षा पाच पत्ते द्यावेत, हिंडलगा, निपाणी, शिनोळी, बंगळुरू आणि पुणे, आणि कुठे पार्सल करता येईल ते मुलांना ओळखू द्यावं. निपाणी कर्नाटकात आणि शिनोळी महाराष्ट्रात, पण या दोन्हींवर हमखास चुकतात.

अंतर्गत शंभर गुणांत संभाषणाच्या टिपणांना २५, वहीला २५, माल आणि नोंदणीला १५, पुढे जायचं की थांबायचं या लेखी निर्णयाला २५ आणि सादरीकरणाला १०. वही एकच असावी आणि प्रत्येक नोंदीला पैसे कोणाच्या हातून गेले ते लिहावं. चौघांपैकी एकाच्या फोनवरचा क्यूआर वापरला तर त्याच्या खिशातले आणि धंद्याचे पैसे आठवड्यात मिसळतात. स्वतंत्र खातं काढावं. कोण सोडून गेलं तर त्याचं काय, हे एका कागदावर पहिल्याच आठवड्यात चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवावं. पदवी झाली की एक पुण्याला आणि एक गोव्याला जाणार, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

शेवटच्या वर्गाला आई आणि काकूंना बोलवावं, मजुरीचे पैसे तिथे द्यावेत आणि वहीवर सही घ्यावी. तासांचा तक्ता त्यांच्यासमोर वाचावा. या प्रकरणात काकू तो ऐकून म्हणतात, "मिरच्या दोन दिवस उन्हात घालून वर-खाली कोण केलं? आणि ती तेलकट कढई?" तीन तास वाढतात. सोळा तासांचे ९६० होतात, घाण्याचा खर्च ४,५२१, पाकिटाचा १६१. दुकानदाराकडून येणार होते १६०.